पाय परत आला, तरीही

मशिदीत पायाला मुंग्या येणं ही काही बातमी नव्हे. अत्तहियातला डावा पाय अंगाखाली असतो, इमामसाहेब जरा लांबले की तो झोपतो, सलाम फेरल्यावर माणूस दोन मिनिटं चोळतो आणि लंगडत वजूखान्याकडे जातो. नस दबते, सुटते, झिणझिण्या येतात, संपलं.

माझा पाय गेला तो उजवा, आणि चालताना.

जोहर पढून नरडाण्याच्या स्टेशनाकडून घरी निघालो होतो. एप्रिलचं ऊन. मागून एक पोरगा ओरडला, "चाचा, तुमची चप्पल!" वळून पाहिलं तर उजवी चप्पल दहा पावलं मागे, आणि मी डांबरावर अनवाणी. चटका नाही, मुंग्या नाहीत, दुखणं नाही. पुढचं पाऊल टाकायला गेलो तर पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा फरपटला.

चहाच्या टपरीवाल्याने बाकावर बसवलं. "काय व्हयनं चाचा? ऊन लागनं व्हई." लिंबूपाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत बोटं हलली, मग घोटा, मग मी उभा राहिलो. सगळे हसले, मीही हसलो. घरी चालत आलो.

घरी खाला बसलेली. ऐकताच म्हणाली, "हवा लागली. कबुतराचं रक्त चोळा, लकवा जवळ येत नाही." आपल्याकडे लकव्याला कबूतर हा इलाज इतका पक्का आहे की त्यावर वाद घालणारा वेडा ठरतो. बायको मात्र पांढरी पडली होती. तिच्या अब्बांचा हात असाच एकदा गळाला होता आणि अर्ध्या तासात सुधारला होता. तिसऱ्या दिवशी फजरला ते उठले, तेव्हा जीभ वळत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "पाय बरा झालाय, आता डोकं दाखवा."

रिक्षा करून हायवेने धुळे गाठलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, सुरू किती वाजता झालं? मग त्यांनी सांगितलं ते असं. उजव्या पायाची चावी मेंदूच्या डाव्या बाजूला, वरच्या आतल्या कडेला असते. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पाय जातो. ती आपोआप विरघळली की परत येतो. याला टीआयए म्हणतात. पाय परत आला म्हणजे धोका टळला असं नव्हे, उलट खऱ्या झटक्याची भीती पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त. आणि पाय परत आलाच नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून वेळेचा प्रश्न.

सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. मगच रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. (घरच्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये ती यासाठीच. झटका रक्तस्रावाचा असेल तर तीच गोळी उलटते.) कार्डिओग्राम, मानेच्या नसांची सोनोग्राफी, साखर. बीपी वाढलेलं निघालं. दोन दिवस ठेवून घेतलं.

परत आल्यावर मशिदीत माझ्यासाठी शेवटच्या सफेत प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. लोकांचं प्रेम. पण ज्याला उभं राहता येतं त्याने फर्ज नमाज उभं राहूनच पढायची, म्हणून खुर्ची एका गुडघे गेलेल्या बुजुर्गांकडे सरकवली.

पोरांना मात्र सांगून ठेवलंय. कुणाचा हात-पाय अचानक गळाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ बघा आणि 108 लावा. लिंबूपाणी नको, गिळता येईल की नाही ते कळत नसतं. पाच मिनिटांत माणूस ठीक झाला तरी त्याला त्याच दिवशी न्या, तो नाही म्हणेल तरी.

खाला अजून नाराज आहे. आम्ही धुळ्यात होतो तेव्हा तिने कबूतर आणून ठेवलं होतं. आता ते तिच्याच छपरावर राहतं आणि रोज मूठभर बाजरी खातं.