चाकांवरच्या घरातील ऊब

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहावयास निघालेले ज्येष्ठ प्रवासापूर्वीच्या तपासणीसाठी माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा हल्ली एक नवा बेत त्यांच्या बोलण्यात असतो. मुलगा म्हणतो, ‘या वेळी हॉटेल नको, ट्रेलर घेऊन जाऊ.’ हा ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे छोटेखानी घर. पाच मीटर लांबी, दोन-सव्वादोन मीटर रुंदी, आणि तेवढ्यात पलंग, गॅसची शेगडी, मोरी व जेवणाचे टेबल. रात्री तेच टेबल खाली पाडून त्याचा दुसरा पलंग होतो. मुलांचा हेतू चांगला असतो. पथ्याचे अन्न स्वतः शिजवता येते, शौचालय हाताशी राहते, सामान रोज बांधावे लागत नाही. परंतु या घराची भिंत दोन बोटांएवढी असते आणि रात्रीच्या थंडीचा विचार बहुधा तिथे पोहोचल्यावरच होतो. तो आपण आधीच करावा, म्हणून हा लेख.

आमची खेप होती ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनची. धाकटा भाऊ फिनिक्स शहरात राहतो. आई, मी, पत्नी आणि भाऊ असे चौघे ऑक्टोबरच्या अखेरीस निघालो. आईचे वय एकोणऐंशी. हृदयविकार व मधुमेह दोन्ही सोबतीला. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम अकराशे फुटांवर आहे आणि त्या दिवसांतही तेथे दुपारी घाम येतो. तेथून उत्तरेकडे सुमारे ३७० किलोमीटर गेले, की कॅन्यनचा दक्षिण काठ येतो आणि त्याची उंची सुमारे ७००० फूट आहे. वाटेत निवडुंग मागे पडतात, फ्लॅगस्टाफच्या आसपास उंच पाइनची राने लागतात. सकाळी पंखा लावून निघालेला माणूस संध्याकाळी शून्याच्या जवळपासच्या हवेत उतरतो. तरुण शरीर हा फरक सहज पचवते, वृद्ध शरीराला मात्र सवड लागते.

दक्षिण काठावर ट्रेलरसाठी दोन तळ शेजारीशेजारी आहेत. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये झाडी सुंदर आहे. पण ट्रेलरला वीज जोडण्याची सोय नाही. त्याला लागून असलेल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी मिळते. घरात वयस्कर माणूस असेल, तर डोळे मिटून दुसरा तळ निवडावा आणि जागा पुष्कळ आधी राखून ठेवावी. तेथे एल्क जातीची मोठाली हरणे ट्रेलरांमधून निवांत फिरतात. ती माणसाळलेली वाटली, तरी त्यांच्या जवळ जाऊ नये.

आता उबेविषयी. ट्रेलरला मूळचीच एक भट्टी असते, तिला तिकडे फर्नेस म्हणतात. ती प्रोपेन वायूवर चालते. परंतु तिची ज्योत बंदिस्त पेटीत असते व धूर भिंतीतील नळीने बाहेर जातो. आत येते ती केवळ गरम हवा. तिचा दोष एकच, पंखा सुरू झाला की जुन्या गिरणीसारखी घरघर होते. शिवाय प्रोपेन विकत आणावा लागतो आणि तळावरची वीज भाड्यातच धरलेली असते. म्हणून बहुतेक कुटुंबे दुकानातून विजेचा एक फिरता हीटर आणतात. यात गैर काही नाही, फक्त विजेचा हिशेब ठाऊक असावा.

अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. लहान ट्रेलरची जोडणी ३० अँपियरची, म्हणजे सर्व मिळून ३६०० वॅट. तिकडचा नेहमीचा हीटर पूर्ण जोरात १५०० वॅट घेतो, म्हणजे साडेबारा अँपियर. आतील सॉकेटांची एकेक ओळ बहुधा १५ किंवा २० अँपियरच्या खटक्यावर असते. हीटर चालू असताना कोणी चहासाठी विजेची किटली लावली, की खटका पडतो आणि अंधार होतो. खटका पडणे हे संरक्षण आहे. त्याहून वाईट म्हणजे खटका न पडता सैल सॉकेट तापत राहणे. हीटर नेहमी थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा, वाढीव वायरीवर किंवा अनेक छिद्रांच्या पट्टीवर कधीही लावू नये. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. तो चांगलाच गरम लागला, तर ते सॉकेट वापरू नये. पलंगपोस, पडदा, वाळत घातलेला टॉवेल या साऱ्यांपासून हीटर तीन फूट दूर हवा, आणि एवढ्याशा घरात तीन फूट म्हणजे जवळजवळ सगळी मोकळी जागा. त्यामुळे जागा आधी ठरवावी व मग हीटर घ्यावा. (भारतातून २३० व्होल्टचा हीटर किंवा शेकण्याची विजेची गादी नेऊ नये. तेथे ती जेमतेम पाव उष्णता देते. उलट तिकडची गादी इकडे आणून लावली, तर जळेल.)

तेलाचा हीटर की पंख्याचा, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. दोन्ही १५०० वॅटचे असतील, तर दोघांची उष्णता सारखीच. पंख्याचा हीटर लवकर ऊब देतो, पण आवाज करतो. तेलाचा हीटर सावकाश तापतो व बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. त्यात लाल तापलेली तार नसते. वयस्कर माणसासाठी मी दुसरा पसंत करतो, मात्र कलंडल्यास आपोआप बंद होण्याची सोय असलेलाच.

आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे : हीटर खोलीतील प्राणवायू ‘खातो’, म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवावी. विजेच्या हीटरमध्ये काहीही जळत नाही, त्यामुळे प्राणवायू कमी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मोठ्या खोलीत हवा तापल्याने घसा कोरडा पडतो, एवढाच बादलीचा संबंध. ट्रेलरमध्ये तर उलटा प्रकार असतो. चार माणसांच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात तांब्याभर पाणी हवेत मिसळते आणि थंड काचांवर, गादीच्या कडेला दव होऊन साचते. तेथे बादली ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. छताचा झरोका बोटभर उघडा ठेवावा. दम्याच्या रुग्णासाठी ती बोटभर फट हीटरइतकीच महत्त्वाची आहे.

खरा धोका वेगळ्या वस्तूत असतो. ज्यांच्याकडून आम्ही ट्रेलर भाड्याने घेतला, त्यांनी कपाटात आपुलकीने एक छोटा गॅसचा हीटर ठेवला होता. प्रोपेनची बाटली खाली फिरवून लावायची आणि समोर तांबडी जाळी पेटायची. भावाला तो फार सोयीचा वाटला. ‘एक खिडकी उघडी ठेवू,’ तो म्हणाला. मी नको म्हटले, तेव्हा आई म्हणाली, ‘डॉक्टर तू आहेस, पण थंडी मला वाजते आहे.’ तिचे म्हणणे खरे होते, म्हणून नुसत्या नकारावर न थांबता मी कारणे सांगितली. ती आपणांसही सांगतो.

या हीटरला धुराडे नसते, जे जळते त्याचे सर्व काही खोलीतच राहते. एक किलो प्रोपेन जळल्यावर दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. म्हणजे दव आणखी वाढले. आणि हवा अपुरी पडली, ज्वलन अर्धवट झाले, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आगही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला त्याच्या थोड्याशा मात्रेनेही छातीत दुखू शकते. अशा हीटरमध्ये प्राणवायू घटला की विझण्याची सोय असते, हे खरे. परंतु ७००० फुटांच्या आसपास हवा मुळातच विरळ असल्याने हीटर मध्येच बंद पडू शकतो, अशी सूचना काही हीटरांच्या पुस्तिकेतच दिलेली असते. म्हणजे ज्या उंचीवर आम्ही होतो, तेथे त्याचा धड भरवसाही नव्हता. झोपण्याच्या जागेत ज्योत नको, मग ती प्रोपेनची असो वा आपल्या कोळशाच्या शेगडीची. महाबळेश्वरच्या बंद खोलीतील शेगडी आणि झरोका नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझर ही त्याच कुळातील संकटे आहेत.

लक्षणे फसवी असतात. डोके जड होणे, मळमळ, गरगरणे, अंगात त्राण नसणे. प्रवासात ती दिसली, की आपण म्हणतो पित्त झाले, उंची बाधली, झोप झाली नाही. एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर तो वायूच आहे असे समजून वागावे : सर्वांनी बाहेर पडावे, मग तिकडे ९११ व आपल्याकडे ११२ किंवा १०८ ला दूरध्वनी करावा आणि ‘खोलीत गॅस जळत होता’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोविडपासून घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर येथे उपयोगी पडत नाही. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही तो प्राणवायूने भरलेलेच समजतो आणि ९८ चा आकडा दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून कोणी पुन्हा झोपी जाऊ नये.

विजेचाच हीटर वापरणार असलात, तरी ट्रेलरमधील वायूसूचक यंत्र तपासा. शेजाऱ्याच्या जनरेटरचा किंवा चालू ठेवलेल्या मोटारीचा धूरही फटीतून आत येतो. यंत्राच्या मागे त्याची मुदत छापलेली असते. बटण दाबून ते ओरडते का, हे पहिल्याच संध्याकाळी पाहावे.

आम्ही केले ते असे. संध्याकाळी पोहोचल्याबरोबर तेलाचा हीटर पूर्ण जोरात लावला, जेवण होईपर्यंत आत सुखद ऊब झाली. निजताना हीटर बंद करून प्लग काढला आणि फर्नेस ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १८ सेल्सिअसवर ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही थंडीत घरातील तापमानासाठी १८ हाच आकडा आहे. जागेपणी फिरता हीटर, झोपेत बसवलेली फर्नेस असा माझा आग्रह असतो. झोपलेल्या माणसाला प्लगचा वास येत नाही आणि लघवीला उठलेल्या वयस्कर माणसाच्या पायात हीटर येण्याची भीती असते. फर्नेस चालू राहिल्याने ट्रेलरच्या पोटातील नळ गोठण्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो. फिरत्या हीटरची ऊब तेथवर पोहोचत नाही. पहाटे ती घरघर झाली खरी, भावाने सकाळी तक्रारही केली.

हवा तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणे स्वस्त पडते. पातळ तळातून थंडी वर येते, म्हणून आईच्या गादीखाली जाड घोंगडी घातली. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून निजण्याआधी अर्धा तास पांघरुणात ठेवली व ती आत शिरण्यापूर्वी काढून घेतली. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना मंदावली आहे, त्यांना पिशवीने किंवा हीटरजवळ पाय धरून बसल्याने भाजते आणि कळतही नाही. दोन सैल लोकरी मोजे आणि माकडटोपी हे अधिक चांगले. इन्सुलिन भिंतीलगत ठेवले तर गोठेल, हीटरजवळ ठेवले तर बिघडेल; आम्ही ते घरातल्या मधल्या कपाटात ठेवले होते.

वृद्धांची थंडी त्यांच्या बोलण्यावरून ठरवू नका. त्यांची हुडहुडी कमी होते, जाणीवही बोथट होते. ‘मला काही नाही वाजत’ असे आई रात्री म्हणाली, तेव्हा तिचे हात बर्फासारखे होते. अशा वेळी कपड्यांच्या आत पोटावर हात ठेवून पाहावा. हात-पाय गार असले, तरी पोट उबदार असेल, तर फारशी काळजी नाही. तिचे पोट उबदार होते. पोटही गार लागले, बोलणे जड झाले, माणूस गोंधळला किंवा अवेळी पेंगू लागला, तर शरीराचे तापमान ३५ सेल्सिअसखाली गेल्याची शक्यता असते आणि रुग्णालय गाठावे लागते. तोवर ओले कपडे काढून अंग पांघरुणात गुंडाळावे. हातपाय चोळू नयेत, मद्य तर नकोच. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा प्रवासात त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

सकाळी उठल्याबरोबर आईला एकदम उभे राहू दिले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, त्यात पहाटेची थंडी. पाच मिनिटे पलंगाच्या कडेवर बसून गरम चहा, मग शाल, मग पायरी. उद्यानातील विनामूल्य बस चाकांच्या खुर्चीसह चढवून घेते आणि मॅदर पॉइंटजवळचा काठाचा रस्ता फरसबंद आहे, त्यामुळे खुर्ची कठड्यापर्यंत गेली. ऊन आधी पलीकडच्या काठावर पडले व मग एकेक थर तांबूस करीत खाली सरकू लागले. तळाशी कोलोरॅडो नदी, जवळजवळ एक मैल खोल. आई बराच वेळ खाली पाहत होती. तिने विचारले, ‘एवढ्या खोल तर केवढी थंडी असेल?’ मी सांगितले की उलट आहे; खाली येथल्यापेक्षा दहा अंशांहून अधिक उबदार असते, आणि दरीच्या एका फाट्यात सुपाई नावाचे हावासुपाई लोकांचे गाव आहे, तेथे टपाल अजून खेचरांवरून जाते. ‘मग ट्रेलर तिकडेच न्यायचा होता,’ ती म्हणाली आणि थर्मासचे झाकण पुढे केले.