मधली जागा

डोळ्यांना कमी दिसू लागले तर घरातली माणसे दिवा मोठा करतात, चष्मा पुसून पाहतात, पुस्तक उजेडात धरायला सांगतात. आणि एवढे करूनही दिसले नाही तरच डोळ्यांना बोल लावतात. कानांच्या वाट्याला ही सबुरी येत नाही. उतारवयात एखाद्याने दोनदा ‘काय म्हणालास?’ असे विचारले, की त्याला ऐकू येत नाही असा निकाल लागून जातो, आणि त्यावर अपील नसते. आमच्या अण्णांच्या बाबतीत असा निकाल मी स्वतः दिला होता. तो पुढे मलाच कसा फिरवावा लागला, ती हकीगत सांगण्यासारखी आहे.

मला चित्रपटांचा नाद फार. चित्रगृहात जाणे अलीकडे जमेनासे झाले, तेव्हा चित्रगृहच घरी आणावे असे मनाने घेतले आणि गेल्या दिवाळीत मी एक रिसीव्हर व त्याच्या जोडीचे सहा स्पीकर विकत आणले. या थाटाला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. समोर डावा, उजवा व मधला असे तीन, आणि श्रोत्याच्या किंचित मागे दोन्ही बाजूंना एकेक, असे हे पाच. उरलेला सबवूफर नावाचा ठोकळा केवळ खर्जाचा धनी. त्याच्यासाठी चित्रपटात जी वेगळी ध्वनिवाहिनी राखलेली असते ती साधारण १२० हर्ट्‌झच्या वर जातच नाही, म्हणून बिचाऱ्याला पूर्णांकात न धरता दशांशात बसविले आहे. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात एक पखवाजवाले होते, त्यांना मानधनही असेच दशांशात मिळत असे. पण ते असो.

हे सारे जोडायला एक रविवार पुरेल असा माझा अंदाज होता. चार रविवार लागले. पहिल्या दिवशी चित्र दिसे, पण आवाज टीव्हीच्या पोटातूनच येई. टीव्हीच्या पाठीला एचडीएमआयची चार भोके आणि त्यांपैकी एकाच्याच शेजारी ‘एआरसी’ अशी बारीक अक्षरे; आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे धाडण्याचे काम ते एकच भोक करते, आणि तेही टीव्हीच्या सेटिंगमध्ये तशी परवानगी दिली असेल तर. हे कळायला मला संध्याकाळ लागली. मग एक गुणगुण सुरू झाली. रात्री सारे निजल्यावर देवघराच्या भिंतीपलीकडे कुणी घनपाठी जप करीत बसला आहे, असा तो आवाज. एकेक वायर काढीत गेलो, तेव्हा गच्चीवरच्या डिशची केबल उपटताच जपकर्ता थांबला. डिशकडून एक अर्थिंग आणि भिंतीतल्या प्लगकडून दुसरे, अशा दोन वाटा मिळाल्या की त्यांच्यामधून नको ती वीज फिरत राहते आणि आपल्याकडच्या विजेचा पन्नास हर्ट्‌झचा सूर स्पीकरमधून गाऊ लागते. केबलमध्ये एक लहानसा आयसोलेटर घातला आणि ते गाणे मिटले. पुढे ओठ आणि शब्द यांची फारकत झाली. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात क्षणभर घालवतो, शब्द मात्र तयारच असतात. म्हणून शब्दांना काही मिलिसेकंद थोपवून धरावे लागते.

यानंतर मापनाचा विधी आला. रिसीव्हरबरोबर एक इवलासा मायक्रोफोन येतो. तो श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून चमत्कारिक शीळ घालतो आणि ती मायक्रोफोनपर्यंत पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर ताडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला तो थोडे उशिरा व हळू बोलायला लावतो, लांबच्याला मोठ्याने. सर्वांचा आवाज त्या एका बिंदूवर एकाच वेळी, सारख्याच जोराने यावा एवढीच त्याची खटपट. समोरच्या डाव्या स्पीकरची तांबडी व काळी तार मी उलटसुलट जोडली होती, तेही त्याने या वेळी माझ्या पदरात घातले. दोन पडद्यांपैकी एक पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकीत होता. यंत्राची ही हुशारी पाहून मी थक्क झालो. एकच गोष्ट त्याला कळत नाही, आणि ती ते तुम्हाला विचारते: तुम्ही बसणार कुठे?

मी मायक्रोफोन सोफ्याच्या मध्यभागी, जाड पुस्तकांची चळत रचून तिच्यावर ठेवला. तिथे मी बसतो. मापन चालू असताना चिटपाखराचाही आवाज होता कामा नये, म्हणून मुलांना खाली पिटाळले, पंखा बंद केला आणि अण्णांना सांगितले, “तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा, तुमच्या खोकल्याने सारे बिघडेल.” ते काठी घेऊन गॅलरीत गेले आणि दार लावून घेऊन पंधरा मिनिटे उभे राहिले.

अण्णांची बैठक गेली तीस वर्षे ठरलेली आहे. गॅलरीच्या दाराशी वेताची आरामखुर्ची. तिथे वारा येतो आणि रस्ताही दिसतो. चित्रपट सुरू झाला की ते खुर्ची थोडी वळवून बसत. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, “अरे, पाऊस माझ्या कानात पडतो आणि माणसे मात्र शेजारच्या बिऱ्हाडात बोलतात.” आम्ही सारे मनापासून हसलो. मी आवाज वाढविला. तेव्हा पाऊस वाढला. माणसे शेजारच्या बिऱ्हाडातच राहिली. पुढे पुढे ते मुलांना विचारीत, “काय म्हणाला रे तो?” मुले प्रथम सांगत, मग थोडक्यात सांगत, मग ‘काही नाही आजोबा’ म्हणत. एक दिवस ते मध्यंतरापूर्वीच उठले. “तुमचे चालू द्या, मला झोप येते,” म्हणाले. त्यानंतर त्यांना रोजच साडेआठला झोप येऊ लागली.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढला आणि मला समजावून दिले, की वयाबरोबर वरच्या पट्टीचे ध्वनी प्रथम उतरतात. आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो. पण ‘सण’ की ‘फण’ हे ज्यांच्यावरून कळते ती स, श, फ यांसारखी नाजूक व्यंजने त्या वरच्या पट्टीत असतात. म्हणून माणूस म्हणतो, ऐकू येते पण कळत नाही. हे सांगून ते म्हणाले, “मात्र यांचे वयाच्या मानाने बरेच चांगले आहे. शांत खोलीत माझे सारे बोलणे यांना कळले. यंत्राची एवढ्यात गरज नाही.” मी मान डोलावली, आणि बाहेर पडताच पत्नीला फोनवर सांगितले, की दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घेतलेले बरे. निकाल एकदा दिला की न्यायाधीशाला तो किती प्रिय होतो पाहा!

यथाकाल आमच्या घरी पाहुणे आले. सोफा त्यांनी व्यापला, अण्णा नेहमीप्रमाणे आत निजायला गेले, आणि मला त्यांच्या खुर्चीत बसावे लागले. चित्रपट माझा दोनदा पाहिलेला. त्यात पावसातला एक प्रसंग आहे: नायिका हलक्या आवाजात काही बोलते आणि त्यावर पुढची सारी कथा फिरते. तो प्रसंग आला आणि मला ते वाक्य कळले नाही. पुन्हा लावले, तरी कळले नाही. माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर, एका स्टुलावर मागचा उजवा स्पीकर होता. तो मीच तिथे ठेवला होता. त्यातून मुसळधार कोसळत होती.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी अंतरे मोजली. तो स्पीकर माझ्या सोफ्यापासून दोन मीटर. अण्णांच्या खुर्चीपासून ऐंशी सेंटिमीटर. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, या हिशेबाने अण्णांना पाऊस माझ्यापेक्षा सात-आठ डेसिबल मोठा ऐकू येत होता. संवाद ज्यातून येतात तो मधला स्पीकर मला तीन मीटरवर, त्यांना चार. म्हणजे तिथे दोन-अडीच डेसिबलची खोट. एकूण फरक दहाचा, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला सुमारे दुप्पट. शिवाय तो मधला स्पीकर मी टीव्हीखालच्या कपाटात वीतभर आत ढकलला होता व त्याच्यापुढे सेट-टॉप बॉक्स मांडला होता. त्याचे तोंड सर्वांच्या गुडघ्यांकडे होते.

या मधल्या स्पीकरची गोष्ट मी नंतर वाचली आणि मला अधिकच ओशाळे वाटले. ज्या १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, त्याच साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. बोलपट पाहताना नट पडद्यावर कुठेही गेला तरी त्याचा आवाज एकाच स्पीकरमधून येतो, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. पण डावा व उजवा अशा दोनच स्पीकरांत एक अडचण आहे. मध्यरेषेवर बसलेल्याला वाटते, की नट समोरून बोलतो. कडेला बसलेल्याला तोच नट जवळच्या स्पीकरकडे सरकलेला भासतो. बेल प्रयोगशाळेने १९३३ साली फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविले, तेव्हा ध्वनीच्या तीन वाहिन्या वापरल्या होत्या. १९४० सालच्या ‘फँटेसिया’साठी डिस्नेने उभारलेल्या यंत्रणेतही पडद्यामागे तीन वाहिन्यांचा आवाज होता. चित्रगृहात पुढे मधल्या स्पीकरचे मुख्य काम हेच ठरले: ज्याला मधली खुर्ची मिळाली नाही, त्यालाही शब्द पडद्यातूनच यावेत. मधोमध बसणाऱ्या माझ्यासारख्याचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही.

दुरुस्ती म्हणावी तर तासाभराची. मधला स्पीकर कपाटाच्या काठापर्यंत पुढे ओढला आणि त्याच्या पुढच्या कडेखाली लाकडाची पाचर सारून तोंड वर केले. मागचे दोन्ही स्पीकर स्टुलांवरून काढून भिंतीवर, बसलेल्याच्या कानापेक्षा हात-दीड हात उंच चढविले. माझ्या यंत्रात अंतर व जोर पहिल्या मापनावरून ठरतात, म्हणून पहिले मापन सोफा आणि आरामखुर्ची यांच्या मधोमध घेतले, नंतर अण्णांच्या खुर्चीत, आणि मग इतरत्र. अण्णा त्या वेळी सोफ्यावर माझ्या जागी बसून होते. खोकला आला तर पुन्हा मोजू, असे मी त्यांना सांगितले. तो दोनदा आला, आणि दोनदा पुन्हा मोजले. शेवटी हातानेच मधल्याला तीन डेसिबल वाढवून दिले, मागच्या उजव्याचे तेवढेच कमी केले, आणि स्फोट व कुजबुज यांच्यातले अंतर आटोक्यात ठेवणारी रात्रीची सोय चालू केली. सोफ्यावरून आता पाऊस पूर्वीइतका भरगच्च लागत नाही, हे खरे. मुलांनी तशी तक्रारही केली.

क्षमा मागण्याची आमच्या घरात रीत नाही. मी इतकेच म्हटले, “अण्णा, स्पीकरची जागा चुकली होती.” ते म्हणाले, “असेल.” त्या रात्री साडेआठ वाजून गेले तरी त्यांना झोप आली नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन ‘शेजारी’ लावायला सांगितला. प्रभातचा १९४१ सालचा चित्रपट, आवाज एकेरी. डाव्या-उजव्यात जे समान असेल ते यंत्र मधल्या स्पीकरकडे पाठवते, आणि इथे तर सारेच समान. त्यामुळे सगळे संभाषण त्या एका पेटीतून येऊ लागले. अण्णा काही वेळ लक्ष देऊन ऐकत होते. मग मान वळवून त्यांनी भिंतीवर पाहिले.

“ते मागचे दोघे का रे गप्प?”

“त्यांना यात काही काम नाही, अण्णा.”

“मग त्यांना जरा गॅलरीत उभे कर,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा चित्रपट पाहू लागले.