रेल्वेतील जेवण : सवलत नव्हे, कर्तव्य

काही काळापूर्वी शासकीय कामानिमित्त रायपूरजवळील सिलतरा या औद्योगिक वसाहतीत जाण्याचा योग आला. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची ही वसाहत. परप्रांतीय कामगार येथे पुष्कळ. बिहारमधील गावी निघालेल्या एका कामगाराच्या पिशवीत सत्तू, कांदे व मिरच्या होत्या. ‘गाडीत जेवण मिळतेच की,’ असे मी सहज म्हणालो. तो हसून म्हणाला, ‘साहेब, जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, जेवणवाला आत येणार कसा?’

लांब पल्ल्याच्या गाड्यांतील जेवणाची व्यवस्था आता बंद करावी, असा एक विचार मांडला जातो. २०१४ पासून ई-केटरिंगद्वारे पुढील स्थानकावर हवे ते जेवण मागवता येते. मग पँट्रीकार कशाला? अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मलाही हा युक्तिवाद प्रथमदर्शनी पटला होता. तथापि स्पर्धा तेथेच चालते, जेथे ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाता येते. धावत्या गाडीतील प्रवासी अडलेला ग्राहक असतो. शिवाय गाडी सहा तास उशिरा धावू लागली, की मागवलेले जेवण आणि भूक यांची गाठ पडत नाही.

दोष व्यवस्थेच्या अस्तित्वात नसून तिच्या रचनेत आहे. थाळीचा दर रेल्वे ठरवते. मेल-एक्स्प्रेसमध्ये प्रमाणित शाकाहारी थाळी ८० रुपयांना आहे. कंत्राट मात्र अधिक परवाना शुल्क देणाऱ्यास मिळते. दर वाढवता येत नाही, शुल्क तर भरलेच पाहिजे. मग काटछाट करायला उरते काय? डाळीचा दाटपणा, भाताचे वजन, नाही तर वाढप्याचा पगार. याला केवळ कंत्राटदाराची अप्रामाणिकता म्हणणे सोपे आहे; वस्तुतः आपणच त्याला त्या वाटेवर ढकलतो.

धोरणेही स्थिर राहिली नाहीत. २००५ मध्ये खानपान सेवा आयआरसीटीसीकडे गेली, २०१० मध्ये ती बव्हंशी विभागीय रेल्वेकडे परतली आणि २०१७ मध्ये पुन्हा आयआरसीटीसीकडे आली. त्याच वर्षी कॅगने ७४ स्थानके व ८० गाड्यांच्या तपासणीवर आधारलेल्या अहवालात अस्वच्छतेबरोबरच या धरसोडीवरही बोट ठेवले. दर काही वर्षांनी मालक बदलणार असेल, तर स्वयंपाकघरात गुंतवणूक कोण करील?

माझ्या मते ही सेवा राहिली पाहिजे. परंतु उत्पन्नाचे साधन म्हणून नव्हे. शुल्क माफक व निश्चित ठेवून निवड गुणवत्तेवर व्हावी. आणि सामान्य डब्यांसमोर फलाटावर २० रुपयांत जेवण देण्याची जी योजना २०२३ मध्ये सुरू झाली, ती अपवाद न राहता नियम व्हावी.

परतीच्या प्रवासात वातानुकूलित डब्यात माझ्यासमोर थाळी आली. भात थंड होता. तक्रार नोंदवावी, असे मनात आले आणि तेव्हाच ध्यानात आले की, तक्रार करता येणे हीदेखील आपल्या डब्याचीच सोय आहे. सत्तू घेऊन निघालेल्याचा उल्लेख कोणत्याही तक्रारवहीत सापडणार नाही.