पऱ्हाटीचा भाव

ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासक बाईंनी १९९१ साली ब्रिटनमधल्या इंधनगरिबीवर पुस्तक लिहिलं आणि एक सोपी कसोटी पुढे आणली. घर पुरेसं ऊबदार आणि उजेडाचं ठेवायला ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागतो, ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत गरीब. ब्रिटनच्या सरकारने ही कसोटी बरीच वर्षं वापरली. जगभरच्या अभ्यासकांनी ती उचलली, आणि आमच्या पिढीने तर ती पाठच केली.

हीच फूटपट्टी घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगाव तालुक्यात फिरलं, तर उत्तर उलटं येतं. ज्या घरात सरपणावर वर्षभर एक नोट मोडलेली नाही, ते घर या हिशेबाने सुखी ठरतं. प्रत्यक्षात तेच गावातलं सगळ्यात गरीब घर असतं. जिथे दीड-दोन महिन्यांनी सिलिंडर येतो आणि विजेचं बिल वेळेवर भरलं जातं, तिथे खर्चाचा आकडा मोठा दिसतो, पण ते घर त्यातल्या त्यात बरं चाललेलं असतं. गरीब घरं इंधनावर किती, केव्हा आणि कोणत्या पैशातून खर्च करतात हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यात पहिली अडचण हीच, की सगळ्यात मोठा खर्च पैशात होतच नाही.

आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणवाल्यांना हे फार पूर्वी कळलेलं आहे. वेचून आणलेल्या लाकडाची, घरच्या गोवऱ्यांची स्थानिक भावाने किंमत धरून ते ती खर्चात मिळवतात. २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात ‘इंधन व दिवाबत्ती’चा वाटा ६.६६ टक्के निघाला, शहरी भारतात ६.२६. ग्रामीण माणशी मासिक खर्च ३,७७३ रुपये होता, म्हणजे इंधनाचे माणशी अडीचशे. आकडा चुकीचा नाही. पण त्या अडीचशेतले किती खिशातून गेले आणि किती बाईच्या डोक्यावरून आले, हे त्या एका टक्केवारीत दिसत नाही.

बाभुळगावकडे सरपण म्हणजे मुख्यतः पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणि तुरीच्या तुराट्या. सीतादहीची पूजा झाली की कापसाची वेचणी लागते, डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेत हातावेगळं होतं आणि मग उभी पऱ्हाटी उपटायची असते. शेतमालकाला वावर मोकळं हवं असतं, मजुराला जळण हवं असतं. उपटून न्यायची त्याच्या बदल्यात पऱ्हाटी तुमची, असा हा जुना व्यवहार आहे. घरामागे रचलेली गंजी उन्हाळाभर पुरते. पुढे पावसाळ्यात नाल्याकाठची बाभूळ, पडीकातली वेडी बाभूळ आणि सुकवून ठेवलेल्या गोवऱ्या. बाभळीचं लाकूड जळाऊ म्हणून उत्तम, आच चांगली धरतं. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन संपते. चुलीपुढून उठता येत नाही, सारखं सारावं लागतं. धूर तर असतोच.

या पऱ्हाटीचा भाव गेल्या काही वर्षांत तीन बाजूंनी बदलला आहे, आणि इंधनावरच्या चर्चेत त्याचा उल्लेख मला फारसा सापडत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी खातं दर हंगामात बजावतं, की फरदड, म्हणजे कापसाचा खोडवा, घेऊ नका, पऱ्हाटीच्या गंज्या शेताजवळ, घराजवळ ठेवू नका. अळीचे कोष त्यात राहतात आणि पुढच्या पिकावर येतात. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ज्या गंजीला खातं किडीचं घर म्हणतं, ती कुणाची तरी सहा महिन्यांची गॅस एजन्सी असते. दुसरी गोष्ट, श्रेडर आणि रोटाव्हेटर आले. पऱ्हाटी उभ्या जागी बारीक होऊन मातीत जाते. जमिनीला हे फार चांगलं, भूमिहीन मजुराला मात्र जळणही गेलं आणि उपटण्याचं कामही. तिसरी, पऱ्हाटीचे ब्रिकेट आणि पेलेट होतात. कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेच्या नागपूर केंद्राने या कामाला चांगली चालना दिली आहे. बॉयलरवाला पऱ्हाटीला भाव देऊ लागला, की ती फुकट राहत नाही. या तिन्ही बदलांना माझा विरोध नाही. पण प्रत्येकात कुणाची तरी चूल हिशेबात धरलेली नाही.

जंगलाच्या कडेला सरपणाची किंमत आणखी वेगळी असते. याच जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीने १३ माणसं मारल्याचं वन खात्याने सांगितलं. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घातली. तोवरच्या दोन वर्षांत तिथल्या बायांनी सरपण कशाच्या जिवावर आणलं असेल, ते कुठल्याही खर्चपाहणीत बसणार नाही.

आता सिलिंडरकडे वळू. गावात कुठल्याही स्वयंपाकघरात शेगडी दिसते, लाल टाकी दिसते आणि शेजारी चूलही पेटलेली असते. “गॅस हाय ना ताई, पन थो पावन्यापुरता,” हे उत्तर मी इतक्या घरांतून ऐकलं आहे, की आता ते प्रश्नावलीत छापून टाकावं असं वाटतं. शहरातले लोक यावर दोन निष्कर्ष काढतात. एक, यांना चुलीचीच सवय आहे, भाकरी चुलीवरचीच गोड लागते. दुसरा, यांना धुराचे परिणाम कळत नाहीत. दोन्ही निष्कर्षांत थोडं तथ्य आहे आणि बराच आळस आहे.

त्यापेक्षा सरळ हिशेब करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून शेगडीवर जेवढी उष्णता भांड्याला लागते, तेवढी साध्या चुलीवर मिळवायला दीड ते दोन क्विंटल सुकं लाकूड जाळावं लागतं, कारण साधी चूल लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचवते. दोन क्विंटल म्हणजे वीस किलोच्या दहा मोळ्या, दीड क्विंटल म्हणजे सात-आठ. आठ धरू. एका मोळीला जाऊन, तोडून, येऊन तीन तास धरले, तर चोवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन रोज. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये. तीन रोजांचे ९३६. सिलिंडरही आमच्याकडे नऊशेच्या आतबाहेर पडतो, आणि गरीब घरांना गॅस देणाऱ्या केंद्राच्या उज्ज्वला योजनेतल्या घराला त्यातले ३०० परत मिळतात.

म्हणजे लाकूड स्वस्त नाहीच! मग ती बाई हिशेबात चुकते का? अजिबात नाही. मार्च ते मे शेतात काम नसतं. तिचे ते तीन रोज कुणी विकत घेणार नसतं, त्यामुळे त्या दिवसांत लाकूड खरोखरच फुकट पडतं. जुलैत निंदणाला माणूस मिळत नाही तेव्हा तिच्या वेळेला भाव येतो, लाकूडही ओलं असतं, आणि तेव्हा तीच बाई सकाळी चहा-भाजी गॅसवर उरकून शेतात जाते. शेगडी कोणत्या महिन्यात पेटते ते नीट पाहिलं, तर मजुरीचा हंगाम त्यात दिसतो. मी तर म्हणेन, कित्येक अर्थतज्ज्ञांपेक्षा वेळेची किंमत तिला जास्त अचूक कळते.

तिला अडवतो तो सिलिंडरचा भाव नव्हे, तर त्याचा आकार. एका मावशींनी मला एका वाक्यात सांगितलं, “सिलिंडरले एकदम नवशे लागते, काड्याले काय लागते?” मजुरीचे पैसे आठवड्याच्या बाजाराला हातात येतात. वेचाईचे किलोवर मिळतात. त्यातून किराणा, औषध, उधारी फिटता फिटता पन्नास-शंभर उरतात. नऊशे एकत्र फक्त काही दिवसच असतात: सोयाबीन विकलं तेव्हा, कापसाचा चुकारा आला तेव्हा. दिवाळीला सिलिंडर भरला जातो तो फराळासाठी तर खराच, पण तेव्हा नोट हातात असते म्हणूनही.

रॉकेलचं एक बरं होतं, ते बाटलीभर मिळायचं. २०१६ पासून त्याचा दर थोडा थोडा वाढवत २०२० पर्यंत अनुदान शून्यावर आणलं गेलं. चिमणीच्या काजळीसाठी मला हळहळ नाही. पण गरिबाच्या खिशाच्या मापाने विकलं जाणारं ते शेवटचं सरकारी इंधन होतं. आज पुण्या-मुंबईच्या मजूरवस्त्यांत छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून देणारे बसलेले असतात. बेकायदा, धोक्याचं आणि किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग, तरी गिऱ्हाईक तुटत नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी १९६३ मध्ये न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘गरीब जास्त मोजतात’ अशा अर्थाचं आहे. थोडं थोडं घेणाऱ्याला जास्त मोजावं लागतं, हा तेव्हाचा नियम आजही चालू आहे.

विजेच्या बिलात तर तो छापूनच येतो. महावितरणच्या २०२४-२५च्या घरगुती दरांत स्थिर आकार महिन्याला सव्वाशेच्या थोडा वर होता, आणि शंभर युनिटांपर्यंत वहन आकार धरून युनिटला सहाच्या थोडं आत. वर १६ टक्के वीज शुल्क. दोन बल्ब, एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग असं महिन्याला २५ युनिट जाळणाऱ्या घराला युनिट जवळपास १३ रुपयांना पडतं. शंभर युनिट जाळणाऱ्याला सव्वाआठला. महिन्याला ३० युनिटांपर्यंतच्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी वेगळा स्वस्त वर्ग आहे, पण त्यात नाव असावं लागतं आणि उन्हाळ्यात कूलर लावला की माणूस त्यातून बाहेर. यवतमाळच्या मे महिन्यात कूलर ही चैन आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा दुपारी बाभुळगावच्या बसस्टँडवर उभं राहून दाखवावं. दोन-तीन बिलं थकली की जोडणी कापली जाते, आणि मग आकडा पडतो. दुसरीकडे, २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. ती शेतकऱ्याला मिळते याचं दुःख नाही. पण ज्याच्याकडे विहीर नाही, वावर नाही, त्याच्या वाट्याला फक्त स्थिर आकार येतो, हे लिहून ठेवायला हवं.

उजेडाचा प्रश्न एलईडीने खूपसा सोडवला, त्यावर फार लिहीत नाही. चुलीचा प्रश्न सुधारणेच्या वाटेने सोडवायचा प्रयत्नही होऊन गेला. १९८०च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला गेला. कागदावर चुली लाखोंनी बसल्या होत्या, घरात मात्र धुरांडं मोडलं की बाई जुन्या चुलीकडे परतली.

मग १ मे २०१६ रोजी उज्ज्वला आली. ही मोठी योजना आहे आणि तिने शेगडी अशा घरांत नेली जिथे ती कधीच गेली नसती. पण पहिली काही वर्षं शेगडीचं आणि पहिल्या सिलिंडरचं कर्ज अनुदानातून कापून घेतलं जाई, म्हणजे सगळ्यात गरीब गिऱ्हाईक पूर्ण भावाने गॅस घेत होतं. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर लागले.

आणि पुढच्याच वर्षी तो आकडा ४.३९ झाला. टाळेबंदीत सरकारने उज्ज्वलाच्या घरांना तीन सिलिंडर मोफत दिले. घरी माणसं जास्त होती, सिलिंडर फुकट होते, हे सगळं खरं. पण देण्याची रीतही वेगळी होती: सिलिंडरचे पैसे बाईच्या खात्यात आगाऊ जमा झाले. आधी पैसे, मग सिलिंडर. त्याच्या पुढच्या वर्षी आगाऊ पैसे बंद झाले आणि सरासरी पुन्हा पावणेचारच्या खाली घसरली.

नेहमीची पद्धत म्हणजे आधी पूर्ण रक्कम मोजा, अनुदान मागाहून खात्यात येईल. ज्याच्याकडे नऊशे असतात त्याला ही पद्धत खटकत नाही. ज्याच्याकडे नसतात, त्याच्यासाठी मागाहून येणारे तीनशे असून नसल्यासारखे. इंडोनेशियाने २००७ पासून रॉकेल काढून गॅस आणला तेव्हा सिलिंडरच तीन किलोचा केला. केनियात मोबाइलवरून रोजचे थोडे थोडे पैसे भरून सौर दिवे लोकांनी आपल्या मालकीचे केले. आपल्याकडे उज्ज्वलात पाच किलोच्या टाकीची सोय आहे, पण बाभुळगावकडच्या घरांत मी विचारते तेव्हा असा सिलिंडर मिळतो हेच बहुतेकींनी ऐकलेलं नसतं.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली. उज्ज्वलाच्या आणि राज्याच्या लाडकी बहीण योजनेच्या पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. उज्ज्वलाच्या घरांसाठी केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० अशी जोड घातली आहे. हेतू उत्तम, रक्कम जवळजवळ पुरेशी. पण बाईने आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग खात्याकडे डोळे लावायचे, ही रीत तशीच ठेवली. तीन सिलिंडर ‘मोफत’ मिळवायला दर वेळी नऊशे रुपये लागतात.

राज्याने निदान वर्षातल्या पहिल्या सिलिंडरचे पैसे जूनमध्ये, सरपण भिजायच्या आत, खात्यात आगाऊ टाकावेत. पहिला उचलला की दुसऱ्याचे. खर्च एका रुपयानेही वाढत नाही, फक्त तारीख बदलते. एप्रिल २०२० मध्ये हे करून झालेलं आहे, आणि बँक खाती, गॅस एजन्सी, लाभार्थ्यांच्या याद्या आजही जागेवर आहेत.