नदीकाठचा वाटा

वाटा म्हटला की आपल्याला आठवते ती भावकी, सातबाऱ्याचा उतारा आणि कोर्टाच्या पायऱ्या. अमेरिकेत भाजीचाही वाटा असतो, आणि तो घ्यायला माणसे हौसेने पैसे मोजतात, हे मला २०२३ साली ताईकडे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

ताई आणि दाजी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात राहतात. जमिनीवर अजून बर्फ असतो तेव्हाच ती दोघे एका लहानशा शेताला वर्षाची रक्कम देऊन टाकतात. त्या पैशातून शेतकरीणबाई बियाणे घेते, मजुरी भागवते. मग जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, कोणी वीस आठवडे म्हणा, दर गुरुवारी जे पिकेल त्याचा वाटा सभासदांनी न्यायचा. पिकले तर सगळ्यांचे पिकले, बुडाले तर सगळ्यांचे बुडाले. मला आपले बलुते आठवले. पण बलुतेदाराला त्याचे माप खळ्यावर, रास झाल्यानंतर मिळे. इथे खाणाराच आधी देतो, आणि आभाळाकडे बघत बसतो.

जपानात अशी पद्धत १९७०च्या दशकात रुजली. अमेरिकेत ती आली १९८६ साली, आणि आली ती दोन ठिकाणी एकदमच: एक न्यू हॅम्पशरमध्ये आणि एक याच राज्यातल्या साउथ एग्रेमाँट गावी, रॉबिन व्हॅन एन या बाईंच्या ‘इंडियन लाइन फार्म’वर. (यातला ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, हे सांगायला नकोच!)

हे खोरे मोठे देखणे आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथे लांबच लांब सरोवर होते. ते आटले, आणि मग नदीने वर्षानुवर्षे आपला गाळ काठावर पसरला. हॅडली गावाजवळची ती माती हातात घेतली तर पिठासारखी मऊ. खडा म्हणून सापडायचा नाही. रस्त्याच्या कडेला मका, बटाटा आणि मधूनच तंबाखूची जुनी लाकडी कोठारे. आपल्याकडे मृग सरून आर्द्रा लागतात तेव्हा इथे भर उन्हाळा असतो. रात्रीचे आठ वाजून गेले तरी ऊन अंगणात रेंगाळत असते, आणि जेवायची वेळ झाली हे पोटाला कळता कळत नाही.

मात्र इथल्या पावसाला स्वतःचा असा महिना नाही. बाराही महिने तो थोडाथोडा येतो, आणि म्हणून त्याचा भरवसाही नाही. त्या वर्षी तर हवेने छळच मांडला होता. फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने पीचच्या कळ्या मारल्या. १८ मेच्या पहाटेच्या दहिवराने सफरचंदाची नुकती धरलेली फळे करपली. “भाजीने तरी तोंड दाखवले,” असे ताई म्हणे.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेलो. पडवीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेले: नवलकोल दोन, बीट एक जुडी, लेट्यूस दोन गड्डे, झुकिनी हवी तेवढी. ‘हवी तेवढी’चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. ही दुधी-काकडीच्या गोतातली भाजी सकाळी बोटाएवढी दिसते आणि दोन दिवस नजरेआड झाली की मुसळाएवढी होते! ताईने तिचे थालीपीठ केले, भरीत केले, कोशिंबीर केली. अखेर भाचीने जेवणावर बहिष्कार टाकला. फरसबी आपली आपण तोडायची होती. नदीकडच्या सखल वावरात गाजरे, भोपळे, टोमॅटोचे हिरवे घोस असे सगळे उभे होते.

सोमवारी, १० जुलैला, उत्तरेकडे व्हर्माँटमध्ये आणि या राज्याच्या डोंगरातही मुसळधार पाऊस कोसळला. ते सारे पाणी उतरत उतरत खोऱ्यात आले. नदी काठ सोडून वावरात शिरली आणि घाईने गेलीही नाही. पाणी ओसरल्यावर पाहिले तो भोपळ्याच्या वेलांवर करड्या चिखलाचा लेप. टोमॅटो झाडावरच होते, पण ते तोडायचे नव्हते. पुराचे पाणी ज्या भाजीला लागले ती विकू नये, असाच तिथला दंडक. त्या पाण्यात मैलाही असतो आणि तेलही. डोळ्यांसमोर उभे पीक, आणि त्याला हात लावायचा नाही! राज्य सरकारचा पहिला अंदाज होता, निदान ७५ शेते आणि सुमारे २००० एकरांवरचे पीक गेले.

शेतकरीणबाईचे पत्र आले. पत्र कसले, चार ओळी. सखल वावर गेले. वरचे वावर वाचले. वाटा लहान होईल. आणि शनिवारी लसूण उपटायला माणसे हवीत. दाजी हिशेबी गृहस्थ. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि विचारले, “पैसे परत मिळण्याबद्दल काही नाही का?” ताई म्हणाली, “नाही. तेच तर आपण जानेवारीत कबूल केलं होतं.” दाजी काही बोलले नाहीत. शनिवारी सर्वांआधी मोटारीत मात्र तेच जाऊन बसले.

ऑक्टोबरात लावलेला, हिवाळाभर बर्फाखाली झोपलेला तो लसूण आता ओल्या मातीत राहिला तर कुजणार होता. चाळीसएक माणसे जमली असतील. खोरे घालून माती सैल करायची, पातीला धरून गड्डा वर घ्यायचा, माती झटकायची, दहा-दहांच्या जुड्या बांधायच्या. माझी कंबर तासाभरात बोलू लागली. व्याकरण शिकवून कमावलेली कंबर ती! शेजारच्या ओळीत एक आजीबाई गुडघ्यांवर बसून माझ्या दुपटीने पुढे सरकत होत्या. बोलणे फारसे कोणी करीत नव्हते. खालच्या वावराकडून चिखलाचा कुबट वास येत होता, आणि त्यात हा लसणाचा ताजा, झणझणीत वास.

जुड्या तंबाखूच्या एका जुन्या कोठारात टांगल्या. त्याच्या भिंतीच्या फळ्या उघडतात, वारा आरपार जातो. शेतकरीणबाई शिडीवरून उतरली आणि सगळ्यांत मोठे गड्डे निवडून वेगळ्या टोपलीत टाकू लागली. पुढच्या गुरुवारच्या वाट्यात ते असतील, अशा समजुतीने भाचीने दोन उचललेही. बाईने हसून ते परत घेतले. ऑक्टोबरात लावायचे बियाणे होते ते.