चिऱ्यावर चढणारा ट्रक

वार्तापत्राच्या संपादक मंडळाने ‘मुलांचे छंद’ या विषयावर पालक म्हणून काही लिहा, असे सांगितले तेव्हा मी प्रथम टाळलेच. आमचे आयुष्य उद्यमबागेत लेथपुढे गेलेले. लिहिण्याचा संबंध जॉब कार्डापुरता. पण गेल्या दीड वर्षात माझ्या मुलीच्या छंदाविषयी शाळेच्या फाटकाबाहेर मला इतक्या पालकांनी विचारले आहे, की एकदाच सगळे लिहून टाकलेले बरे. प्रश्न साधारण दोनच असतात. ‘केवढ्याला पडला?’ आणि ‘दहावीच्या वर्षात हे कसले खेळणे?’ पहिल्याचे उत्तर पुढे देतो. दुसऱ्यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे.

छंद आहे रेडिओ कंट्रोलवरचे ट्रक खडकाळ, चढउताराच्या जमिनीवर चालवण्याचा. बाजारात ‘ऑफ-रोड’ असे खोक्यावर छापलेला प्रत्येक ट्रक या कामाचा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. मोठ्या चाकांचे, उड्या मारत सुसाट पळणारे मॉन्स्टर ट्रक निराळे. त्यांना मोकळे मैदान लागते आणि ते आदळून मोडतात. आम्ही निवडला तो प्रकार क्रॉलर म्हणून ओळखला जातो. माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू, दगडाला दगड धरून चढणारा. यात वेगाला किंमत नाही. कुठले चाक कुठल्या दगडावर टाकायचे, हे ठरवण्याला आहे. बेळगावकरांना यासाठी कुठे लांब जायला नको. आपल्याकडे चिऱ्यांचे ढीग, तांबडी माती आणि चार महिने पाऊस, सगळे दारातच आहे.

हे ट्रक प्रमाणात बनवलेले असतात. दहाव्या प्रमाणाचा म्हणजे खऱ्या गाडीच्या एकदशांश. जपानच्या तामिया कंपनीने १९८१ साली टोयोटा हायलक्स दहाव्या प्रमाणात काढला, त्याला खऱ्या गाडीसारखे पोलादी कमानपाटे होते. आज जगभर क्रॉलरवाल्यांच्या तोंडी नावे असतात ती अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स-१० ची आणि ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ ची. हा दुसरा २०१७ मध्ये आला. त्याला पोर्टल अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे चाकाजवळच्या गिअरमुळे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर राहतो आणि पोटाखालून दगड सुटतो. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला हीच रचना असते. मी स्वतः गिअर कापणारा माणूस, एवढ्याशा हबमध्ये बसवलेली ती जोडी पाहून मला त्या कारागिरांचा हेवा वाटला.

पण असा ट्रक आपल्याकडे अर्धा लाख ओलांडतो. त्यात भारताने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. मुलीजवळ आजीने दिवाळीला दिलेले आणि तिने स्वतः साठवलेले मिळून साडेसहा हजार होते. तेवढ्यात आम्ही सोळाव्या प्रमाणाचा एक साधा चिनी ट्रक घेतला. चारही चाकांना गती, अखंड अ‍ॅक्सल, आणि स्क्रूने उघडणारा सांगाडा, एवढे तीन गुण पाहिले. स्क्रूचे महत्त्व मुद्दाम सांगतो. चिकटवून बंद केलेला ट्रक स्वस्त असला तरी घेऊ नये. तो मोडला की संपला.

घेताना पाहण्याची आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. स्वस्त ट्रकमध्ये रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणारा इएससी एकाच पाटीवर असतात आणि स्टिअरिंगच्या सर्वोला पाच वायरी असतात. छंदवाल्यांच्या सर्वोला तीनच. म्हणजे सर्वो बदलायचा तर पाटी बदला, पाटी बदलली की रिमोटही नवा. ज्यांना पुढे सुधारणा करायच्या आहेत त्यांनी हा खर्च आधीच मनात धरावा, किंवा सुटे भाग असलेला ट्रक शोधावा. एक मात्र बरे झाले आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटला एकाच चॅनेलवर दोघांच्या गाड्या एकमेकांच्या रिमोटने पळायच्या. आता २.४ गिगाहर्ट्झवर रिमोट आणि रिसीव्हरची जोडी ठरलेली असते, त्यामुळे दहा मुले एका अंगणात खेळली तरी भांडण नाही. निदान त्या कारणावरून नाही.

ट्रक आला आणि पहिल्याच रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी आम्ही तो नेला. चार बोटे उंच दगडावर त्याचे एक चाक अधांतरी झाले, ते गरगर फिरत राहिले, आणि ट्रक जागचा हलला नाही. ‘बाबा, उरलेली चाकं का ओढत नाहीत?’ तिने विचारले. याचे उत्तर डिफरन्शिअलमध्ये आहे. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरची जुळणी असते. पण ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि अधांतरी चाकाला फिरायला जोर जवळजवळ लागतच नाही, तेव्हा दगडावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. क्रॉलरवाले म्हणून डिफरन्शिअल लॉक करतात. आम्ही अ‍ॅक्सल उघडला, ग्रीस स्पिरिटने धुतले आणि गिअरच्या मधल्या जागेत ग्लू गनचा गरम गोंद भरला. एपॉक्सी अधिक पक्की, पण गोंद काढता येतो. लॉक केलेला ट्रक डांबरी रस्त्यावर मोठे वळण घेतो आणि गिअरवर ताण येतो, हे तोटे आहेत. आम्हाला डांबरावर जायचेच नव्हते.

त्यानंतर ती वर्कशॉपमध्ये येऊ लागली. हे मला अनपेक्षित होते. माझ्या वडिलांनी घेतलेल्या लेथवर मी शिकलो, पण आमच्या घरातली कोणी मुलगी तिथे डबा देण्यापलीकडे आली नव्हती. कारण ठरले पितळेचे. ट्रक चढावर मागे कलंडतो, म्हणून वजन पुढे आणि खाली हवे. सर्वांत खाली म्हणजे चाकातच. पितळेची घनता घनसेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७. जागा तेवढीच, वजन तिप्पट. तिने रिमचे आतले माप व्हर्निअरने घेतले, बाहेरचा व्यास २६ मिलिमीटर, आतला १४, जाडी ६ असा कड्याचा कागद काढला आणि वजन १९ ग्रॅम येईल असे आधीच लिहून ठेवले. मी कडी कातून दिली. (लेथवर तिला एकटीला हात लावू दिलेला नाही, ओढणी, मोकळे केस आणि फिरता चक यांची गाठ मी या धंद्यात पाहिली आहे. आता ती केस बांधून, चष्मा लावून शेजारी उभी राहते आणि फीड चाक फिरवते.) तराजूवर कडे साडेअठरा भरले. कमी का पडले, तर मी कडेला चॅम्फर मारला होता. तो तिच्या कागदावर नव्हता. हे तिनेच शोधले, आणि दिवसभर कारागिरांना सांगत होती.

ही दोन कडी फक्त पुढच्या चाकांत घातली. बॅटरी मागच्या हौद्यातून काढून पुढे, सांगाड्याच्या आत खाली बसवली. टपावरचा लोखंडी कॅरिअर आणि त्यावरचे दिवे काढायला ती तयार नव्हती, कारण ट्रक त्यानेच ‘खरा’ दिसतो. मग आम्ही मोजायचे ठरवले. फळीवर ट्रक आडवा उभा करून फळी एका बाजूने उचलत न्यायची आणि तो कुठल्या कोनात कलंडतो ते कोनमापकाने पाहायचे. सुरुवातीला ३८ अंशांवर कलंडत होता. सगळे बदल केल्यावर ४३. चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर १२० मिलिमीटर, त्याचे निम्मे ६०. साठला कोनाच्या टॅनने भागले की गुरुत्वमध्याची उंची मिळते. ती ७७ वरून ६४ मिलिमीटरवर आली होती. स्प्रिंग दबतात म्हणून हे काटेकोर नाही, पण कॅरिअर कपाटात गेला तो त्या आकड्यांमुळे. त्रिकोणमिती दहावीला आहेच. तिच्या आईचा विरोध त्या संध्याकाळी थोडा नरमला, संपला असे म्हणणार नाही.

टायर हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी बदल. मूळचे रबर कडक होते आणि आत काहीच नव्हते. मऊ रबराचे टायर आणि आत कातरलेला स्पंज घातला की टायर दगडावर दबतो, त्याला मिठी मारतो. स्पंज फार भरला तर पुन्हा कडक होतो, फार कमी झाला तर आडव्या उतारावर टायर दुमडतो. आम्ही तीनदा कातरला.

मोटरबद्दल मुलांचा एक गैरसमज असतो, की मोठी, वेगवान मोटर म्हणजे चांगली. ब्रश मोटरवर ३५ टी, ५५ टी असे लिहिलेले असते. ते वेढ्यांचे आकडे. वेढे जास्त तर वेग कमी आणि हळू चालवताना ताबा जास्त. गिअरमध्येही तेच. स्पर गिअरला ८७ दाते आणि पिनियनला १४, तर मोटरचे सव्वासहा फेरे होतात तेव्हा पुढचा एक. पिनियन ११ दात्यांचे केले तर जवळजवळ आठ. ट्रक मंद होतो, जोर वाढतो आणि मोटर कमी तापते. पैसे खर्चून वेग वाढवणाऱ्यांना ही गोष्ट पटत नाही, मला तरी अजून कोणाला पटवता आलेली नाही.

आता पालकांनी लक्ष देऊन वाचावे. लिपो बॅटरी हे खेळणे नव्हे. तिचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. दोन सेलची म्हणजे ८.४ आणि ६. ओळखीच्या एका घरी ट्रकसोबत मिळालेल्या साध्या चार्जरवर बॅटरी रात्रभर राहिली आणि सकाळी उशीसारखी फुगलेली सापडली. पेट घेतला नाही हे नशीब. दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच घ्यावा. १५०० एमएएच बॅटरीला दीड अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नये. घरात मोठे माणूस जागे असताना, चिऱ्यावर किंवा फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर चार्ज करावी. आठवडाभर वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, कचऱ्याच्या गाडीत टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

पावसाळ्यात तांबडा चिखल अ‍ॅक्सलच्या सांध्यात जाऊन बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. त्याच संध्याकाळी धुऊन, हवा मारून, बेअरिंगला तेल द्यावे. रिसीव्हरच्या डबीच्या कडेला ग्रीस लावावे.

जूनमध्ये दुबईचा मामा आला होता. भाचीचे वेड पाहून म्हणाला, पुढच्या खेपेस तुला तो मोठा अमेरिकन ट्रक घेऊन येतो. घरात सगळे खूश. ती म्हणाली, ‘मामा, ट्रक नको. मेटल गिअरचा एक सर्वो, एक इएससी आणि रिसीव्हरसकट रिमोट आण.’ मामाला वाटले पोरगी भिडस्त आहे. ती भिडस्त मुळीच नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा की मेकॅनिकल डिप्लोमा, यावर नातेवाइकांची मते एका बाजूला आहेत आणि तिचे अजून तिने सांगितलेले नाही. मीही विचारत नाही. वर्कशॉपमध्ये काम कमीजास्त होत असते, मुलांनी यावे असे छातीठोकपणे सांगण्याचे हे दिवस नव्हेत, आणि येऊ नये असेही माझ्या तोंडून निघत नाही.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. शाळेच्या जुन्या आवारभिंतीचे पडलेले चिरे मैदानाच्या कोपऱ्यात पडून आहेत. ते हलवून टाकण्याऐवजी तसेच रचून दिले तर मुलांना चढउताराची जागा होईल. रचायला आमचे दोन कारागीर आणि मी एका रविवारी येऊ. सध्या असे ट्रक असलेली शाळेतली सात मुले मला माहीत आहेत. आणखी कोणी असतील त्यांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर माझ्या मुलीला भेटावे. बॅटरी मात्र घरूनच भरून आणावी, शाळेत चार्जर लावायचा नाही.