कामठीत विचारायचे पाच प्रश्न

नागपूरहून ईशान्येला निघाले की पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठी लागते. १८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी येथे लष्करी छावणी वसवली आणि तिच्याभोवती गाव वाढत गेले. आजही एका अंगाला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र, रुंद रस्ते आणि जुनी सावलीची झाडे आहेत. दुसऱ्या अंगाला दाट मोहल्ले, विणकरांची घरे आणि उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बिडी वळणाऱ्या स्त्रिया दिसतात. १९९९ साली उभे राहिलेले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार पाहायला लांबून लोक येतात. वयस्कर माणसांना तेथे निवांत बसता येते. गावाजवळच कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांचा संगम आहे. आकाश स्वच्छ असेल तर कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची धुराडीही क्षितिजावर दिसतात.

डॉक्टरच्या नजरेने या परिसराकडे पाहिले, तर येथे संशोधनाचे विषय पावलोपावली आढळतात. बिडीच्या तंबाखूची धूळ, कोळशाची राख आणि विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा सिकलसेल आजार हे त्यांतील तीन ठळक विषय होत. असे विषय असले की वही, प्रश्नावली आणि रक्ताच्या नळ्या घेऊन माणसे दारी येतात. ती यावीत, कारण संशोधनाशिवाय औषध नाही आणि उपायही नाही. परंतु ज्यांच्या घरी ती येतात त्यांचा या कामात वाटा कोणता, आणि तो वाटा पुढे छापील अहवालात नोंदला जातो का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज तोच आपल्यापुढे ठेवायचा आहे.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. मध्य भारतात हा दोष आढळतो, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा निबंधांत रुग्ण हा आकडा असे. त्याला काय हवे हे विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे याच नागपुरात संपत रामटेके नावाचे एक पिता उभे राहिले. ते डॉक्टर नव्हते. मुलाला सिकलसेल असल्याचे कळल्यावर त्यांनी रुग्ण आणि पालक यांना एकत्र आणले, संस्था उभारली आणि सरकारदरबारी पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. त्यामागे अशा कुटुंबांची वर्षानुवर्षांची मागणी होती. २०१८ साली रामटेके यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. रक्तातील दोष प्रयोगशाळेला दिसतो. रात्री दुखण्याने तळमळणारे मूल, बुडणारी शाळा आणि प्रमाणपत्रासाठी घातलेले हेलपाटे मात्र घरच्यांनाच ठाऊक असतात. ही माहिती संशोधनात आली नाही, तर संशोधन तेवढे अपुरे राहते.

याचा विस्तृत प्रयोग आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत झाला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने रुग्णालय बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारले. उंच इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावे, दवाखाना आपल्या गावासारखा असावा, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्रामात झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी बाळांची काळजी घेतली आणि नोंदीही ठेवल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे ही पद्धत देशातील आशा कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचली.

आता पुन्हा कामठीच्या बाजूला येऊ. कोराडी आणि खापरखेडा येथील केंद्रांचा आसपासच्या गावांवर काय परिणाम होतो, याचा अहवाल मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासले गेले, तसेच गावकऱ्यांचे म्हणणेही ऐकले गेले. अनेक नमुन्यांत घातक धातूंचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पुढच्याच पावसाळ्यात, जुलै २०२२ मध्ये, खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नदीत शिरले. कोणत्या महिन्यात राख उडते, कोणत्या विहिरीचे पाणी बदलले, कोणाचा खोकला कधी वाढतो, हे त्या गावांतील आजी-आजोबा दिवसागणिक पाहत असतात. नमुना कोठून घ्यावा हे त्यांना विचारणारा संशोधक शहाणा समजावा.

विचारले, एवढ्यावर मात्र भागत नाही. विचारले म्हणजे नेमके काय केले, हे लिहून ठेवावे लागते. २०१४ पासून ‘बीएमजे’ हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिक लेखकांना विचारते की, रुग्णांना अभ्यासात सामील केले का, केले असल्यास कसे, आणि नसल्यास तसे स्पष्ट सांगा. २०१७ साली ‘ग्रिप-२’ नावाची मार्गदर्शक यादी तयार झाली. तिच्या छोट्या आवृत्तीत पाच मुद्दे आहेत. घरगुती भाषेत त्यांचे पाच प्रश्न होतात.

पहिला प्रश्न: लोकांना कशासाठी सामील केले? दुसरा: कोणाला, केव्हा आणि कोणत्या रीतीने? तिसरा: त्यांच्या सहभागातून काय निष्पन्न झाले, चांगले आणि वाईटही? चौथा: त्यामुळे अभ्यासात खरोखर काय बदलले? पाचवा: काय साधले, काय फसले, आणि पुढच्यांनी काय शिकावे? पाचवा प्रश्न सर्वांत प्रामाणिक आहे. ‘लोकांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला’ हे वाक्य लिहिणे सोपे असते. ‘सभा दुपारी ठेवल्यामुळे बिडी वळणाऱ्या स्त्रिया येऊ शकल्या नाहीत’ हे लिहायला धैर्य लागते, आणि पुढच्या संशोधकाला उपयोग त्याचाच होतो.

आपल्या देशातही याला आधार आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाला संशोधनात सहभागी करून घेण्याविषयी सांगितले आहे. औषधांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. निवृत्त शिक्षक, गृहिणी, बँकेतून निवृत्त झालेले काका अशा कोणालाही त्या खुर्चीवर बसता येते. वैद्यकीय शिक्षण नसणे हीच तेथे पात्रता आहे.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या दारी कोणी संशोधनासाठी आले, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. संमतीपत्र आपल्याला समजेल त्या भाषेत मागा. कामठीत ते मराठीइतकेच हिंदीत आणि उर्दूतही लागेल. नाही म्हटल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही ना, हे विचारा. संमतीपत्राची प्रत आणि संपर्काचा क्रमांक ठेवून घ्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या फाइलमध्ये लावा. निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोण सांगणार, हेही विचारा. शंका वाटल्यास आपल्या फॅमिली डॉक्टरला तो कागद दाखवा.

घरातील वृद्धाची काळजी घेणाऱ्यांनी आणखी एक करावे. आईला किंवा वडिलांना बोलता येत असेल, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या. सही तुमची असली तरी इच्छा त्यांची असावी. आणि संशोधकाला स्वतःहून सांगा की तुमच्या दृष्टीने सुधारणा म्हणजे काय. डॉक्टर रक्तातील साखर मोजतील. तुम्हाला कदाचित एवढेच हवे असेल की, बाबांनी रात्री आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत जावे. तेही मोजण्यासारखे आहे, पण सांगितल्याशिवाय ते कोणाच्या वहीत येणार नाही.

कामठीला गेलात तर कन्हानच्या काठी बाबू हरदास यांचे स्मारकही पाहा. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून ते ओळखले जातात. १९०४ ते १९३९ एवढेच आयुष्य त्यांना लाभले, आणि त्यात त्यांनी येथील बिडी कामगारांना संघटित केले. मजुरी ठरवताना कामगाराचा शब्द ऐकला जावा, यासाठी ते झटले. त्या बिडी कामगारांची नातवंडे-पतवंडे आज कामठीत आहेत. उद्या त्यांच्या खोकल्यावर कोणी अभ्यास करील, तेव्हा त्यातही त्यांचा शब्द असावा आणि तो छापूनही यावा.